हातोडा थांबल्यावर येणारे सर

रामटेके सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टेबलावर वाकून एका परातीतल्या काळ्या मातीत बोट खुपसत होते. रायपुरात पंडरीच्या कापड बाजारात, साड्यांच्या एका दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. राज्य नुकतंच झालं होतं. रायपूर राजधानी झाली म्हणून रोज कुठे ना कुठे नवी पाटी लागत होती आणि ज्याला त्याला काहीतरी बांधायचं होतं. माझी मुलं शाळेत मोठ्या वर्गात गेली होती, दुपार रिकामी वाटायची. इंग्रजी टायपिंग येणारी व्यक्ती पाहिजे, अशी जाहिरात वाचून मी कडक इस्त्रीची साडी नेसून मुलाखतीला गेले होते.

मुलाखत अशी झालीच नाही. सरांनी मान वर न करता विचारलं, "कॉन्व्हेंटच्या का?"

मी हो म्हटलं.

"मग इंग्रजीचं काही विचारत नाही. हे बघा," असं म्हणून त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. "खुपसा बोट."

माती गार होती आणि लोण्यासारखी मऊ. मी बोट खुपसलं.

"बाजूले काय झालं?"

"माती वर आली," मी म्हटलं.

"बस. ह्याच्यावरच आपलं ऑफिस चालते. उद्यापासून या."

घरी जाऊन मी यजमानांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "पदवीचं प्रमाणपत्र उगाच शोधलंस. नखं कापून गेली असतीस तर बरं झालं असतं."

श्री. पुंडलिकराव रामटेके सर यंदा पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितील, मोठमोठे अभियंते लिहितील. मी अभियंता नाही. सरांचे अहवाल टाइप करणं, त्यांच्या इंग्रजीत राहून गेलेले शब्द भरणं आणि त्यांच्याबरोबर लोकांच्या घरी जाऊन टिपणं घेणं, एवढंच माझं काम. पण ते मी निवृत्त होईपर्यंत केलं, आणि एवढी वर्षं एखाद्याचं लिखाण टाइप करत राहिलं की तो माणूस कसा विचार करतो, हे बोटांनाच कळायला लागतं.

सरांचं काम वाचकांना थोडं सांगायला हवं. रायपुरात बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की दगड लागतो. पण हे तलावांचं गाव. काही तलाव पूर्वीच बुजले, काही राजधानीच्या गडबडीत बुजवले गेले. वरून भराव टाकला, रस्ता झाला, दुकानं आली, तरी खाली तोच मऊ चिखल राहतो. अशा जागेवर मोठी इमारत उभी करायची तर काँक्रीटचे लांब खांब यंत्राच्या हातोड्याने ठोकत ठोकत खालच्या टणक थरापर्यंत न्यावे लागतात. त्याला पायलिंग म्हणतात. खांब किती खोल न्यायचे, कुठून सुरुवात करायची, हे सर सांगत असत.

अहवालात खांबांचा भाग थोडका असे. शेजारच्या घरांचा भाग मात्र पानंच्या पानं चाले. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "खांबाले काय होते, शैलाबाई? तो जाते खाली. त्याच्यानं ज्याले सरकावं लागते, त्याची विचारपूस करा लागते ना."

ही नजर त्यांना घरातून मिळाली असावी. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून येऊन इथल्या रेल्वेत फिटर म्हणून लागले. क्वार्टर रुळांना लागूनच. मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी सरकायची, म्हणून आई ताटांच्या मध्ये फडक्याच्या घड्या ठेवायची आणि गाडी गेल्यावर एकदा सगळ्या मांडणीवरून हात फिरवायची. सर सांगत, "गाडी जाताना आई कधी उठली नाही. गेल्यावर उठायची." तेव्हा मला ही एक घरगुती आठवण वाटली होती.

सरांची एक पद्धत होती, जी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. हातोडा सुरू होण्याच्या आधी ते शेजारच्या प्रत्येक घरी स्वतः जात. पिशवीत फोटोला फ्रेम लावणाऱ्याकडून कापून आणलेल्या काचेच्या बारीक पट्ट्या, प्लास्टरची पुडी आणि पेन्सिल. चहा घ्यायचा, आणि मग भिंतीवरच्या जुन्या तड्यांची चौकशी करायची, एखाद्या वडीलधाऱ्याच्या प्रकृतीची करावी तशी. "ही केव्हाची?" कुणी म्हणे, आमच्या लग्नाच्या आधीपासून आहे. कुणी म्हणे, वरचा मजला चढवला तेव्हाची. मी लिहून घेत असे. मग सर त्या तड्यावर आडवी काचेची पट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने बसवत आणि ओल्या प्लास्टरवर तारीख लिहीत. काच ताणली जात नाही. भिंत केसभर जरी हलली तरी पट्टी तडकते. तेवढ्यासाठीच ती असते.

आता घाटोळेंच्या घराची हकीकत सांगते. सरांचं नाव काढलं की मला आधी तेच घर आठवतं.

तात्यापारा या वस्तीच्या मागच्या अंगाला, बुजलेल्या एका तलावावर, दुकानांची मोठी इमारत व्हायची होती. जागेच्या मागे काही घरं होती आणि त्यातलं पहिलं, अगदी कुंपणाच्या भिंतीला लागून, घाटोळेकाकांचं. काका रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. घर त्यांनी एकेक खोली करत बांधलेलं. मुलगी सुषमा, तिचं लग्न ठरलेलं, मांडव दारातच घालायचा असं ठरलेलं. सरांनी तिथे काचपट्ट्या लावल्या आणि ठेकेदाराला नकाशा काढून दिला: सुरुवात घरांच्या बाजूने करायची आणि ठोकत ठोकत रस्त्याकडे जायचं. म्हणजे सरकलेली माती मोकळ्या बाजूला जाते. उलट केलं तर सगळा चिखल घरांकडे रेटला जातो.

नेमकं त्याच सुमारास सरांच्या बहिणीचं नागपुरात ऑपरेशन झालं आणि सर काही दिवस तिकडे गेले. परत आले त्या सकाळी आम्ही निघालो. सर आधी जागेवर गेले नाहीत. आधी घाटोळ्यांकडे गेले.

काकूंनी दार उघडलं, म्हणजे खांदा लावून ढकललं. "या भाऊ, या. दार जरासं फुगलं आहे."

सर उंबरठ्यातच थांबले. बाहेर ऊन रणरणत होतं. "उन्हाळ्यात दार फुगत नाही, वहिनी," ते म्हणाले आणि चपला काढून थेट मागच्या खोलीत गेले.

खोलीला नवा गुलाबी रंग लागला होता. रंगाचा वास अजून होता. कोपऱ्यातली भिंत स्वच्छ, गुळगुळीत. पट्टी नव्हती.

"पट्टी कुठं गेली, वहिनी?"

"कोणती?"

"काचेची. ह्या कोपऱ्यात लावली होती."

काकूंनी पदराला हात पुसले. "ते तडकली होती, भाऊ. काढून टाकली. पोट्टीचं लग्न आहे घरात, फुटकी काच कशी ठेवू? पेंटर आलाच होता, तर म्हटलं, भेगही भरून घे."

बाहेरच्या खोलीतून पेपरच्या मागून काका म्हणाले, "मी म्हटलं होतं, सरांना विचार. तर म्हणे, सरांच्या घरी ठेवतात का फुटकी काच."

"तुम्ही पेपर वाचा," काकू म्हणाल्या.

सरांना हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. "वहिनी, ते फुटावी म्हणूनच तर लावली होती. तिनं तिचं काम केलं. तुम्ही तिचं ऐकाच्या आधीच तिले बाहेर टाकलं."

सर भिंतीवरून तळहात फिरवत होते. नव्या रंगातून, पुट्टी भरली होती तिथेच, केसासारखी एक रेघ पुन्हा वर आली होती. मलाही ती दिसली.

"म्हणजे घर पडते का आता?" काकूंनी विचारलं.

इथे आपण कुणीही असतो तर म्हटलं असतं, काही होत नाही, काळजी करू नका. सर हे वाक्य कधी बोलत नसत. "आत्ता सांगता येत नाही," ते म्हणाले. "बघत राहू. कणीक भिजवली आहे का?"

काकूंना वाटलं, सर जेवायला थांबतात. त्या लगबगीने परात घेऊन आल्या. सरांनी कणकेचा गोळा परातीच्या एका काठाला दाबून बसवला आणि मोकळ्या बाजूने एकामागून एक बोटं खुपसत काठाकडे गेले. कणीक फुगून परातीच्या कडेवरून बाहेर यायला लागली.

काकू बघत राहिल्या. "अन् आपलं घर त्या काठाले."

"हो."

"अन् तो मुडदा आमच्याचकडे येत येत ठोकून राहिला."

"तसंच दिसते," सर म्हणाले. "जाऊन पाहतो."

सुषमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीत. "अंकल, शादी यहीं होगी ना? मम्मी ने सबको यहीं का पता दिया है."

"बेटा, आज झूठ बोल दूँगा तो कल मुँह नहीं दिखा पाऊँगा," सर म्हणाले. "शाम तक बताता हूँ."

कुंपणापलीकडे खरंच उलटं चाललं होतं. फाटकाकडून सुरुवात होऊन खांबांच्या रांगा घरांच्या दिशेने सरकत आल्या होत्या. आधी ठोकलेल्या खांबांची डोकी थोडी वर उचलली गेली होती, तेही सरांनी लगेच ओळखलं. खालचा चिखल फुगला की तो खांबालाही वर उचलतो. देखरेखीवरचा माणूस धमतरीकडचा होता, सरळ स्वभावाचा. खाली मान घालून म्हणाला, "टरेलर भीतरी म नइ जावय साहेब, तेकर सेती गेट कोती ले सुरू करेन." खांब आणणारी गाडी आतपर्यंत जात नाही, म्हणून फाटकाकडून सुरू केलं. त्याला दुसरं काही वाईट करायचं नव्हतं. पावसाळ्याआधी काम उरकायचं होतं, एवढंच.

"बंद करो," सर म्हणाले.

हातोडा थांबला. इतक्या आवाजानंतर एकदम शांतता झाली तेव्हा मागच्या गल्लीतला कुकर ऐकू आला.

दुपारी इमारतीचे मालक आले. तेही काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी लगेच तोडगा काढला. "लड़की की शादी मेरी तरफ़ से मैरिज हॉल में कर दीजिए. अच्छा हॉल दिलवा देता हूँ. काम क्यों रुके?"

सरांनी हा प्रस्ताव फेटाळला नाही. तो फेटाळण्याचा अधिकार आपला नाही, असं त्यांना वाटलं असावं. ते मला घेऊन पुन्हा काकूंकडे गेले आणि मालकांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. हेही सांगितलं की हॉल घेतला तर काम सुरू राहील, आणि काम असंच सुरू राहिलं तर घराचं काय होईल, ते आपल्याला सांगता येणार नाही.

काकूंनी आधी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "तू सांग. पत्ता तू दिला सगळ्यांना."

"माझं लग्न धर्मशाळेत झालं, भाऊ," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दारातून निघाले मी. तेव्हापासून म्हणून राहिली, माझी पोट्टी आपल्या उंबरठ्यावरून जाईन. हॉलात तर कोणीबी करते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण तुमच्या कामाचं नुकसान होत असन तर सांगा."

"माझं काम हेच आहे, वहिनी," सर म्हणाले.

मालकांना त्यांनी सांगितलं की लग्न होईपर्यंत हातोडा चालणार नाही. त्यानंतर चालेल, पण घरांच्या बाजूने सुरू होऊन रस्त्याकडे जाईल. प्रत्येक खांबाच्या जागी आधी यंत्राने भोक पाडून चिखल बाहेर काढायचा, मग त्यात खांब ठोकायचा, म्हणजे सरकायला माती कमी राहील. आणि घरांच्या भिंतीपासून सुरक्षित अंतर ठेवून एक लांब चर खणायचा, वरच्या मातीचा रेटा तिथेच जिरायला.

मालक शांतपणे म्हणाले, "नई राजधानी में आगे बहुत काम आना है, रामटेके जी. सोच लीजिए."

"सोचकर ही बोल रहा हूँ," सर म्हणाले. "काग़ज़ कल मिल जाएगा."

तो कागद मी टाइप केला. सर खिडकीशी उभे राहून सांगत होते. काम तात्काळ थांबवावे, या वाक्यावर माझी बोटं थांबली.

"काहून थांबल्या?"

"सर, पुढची कामं जातील."

सरांनी खालच्या बाजाराकडे पाहिलं. "जातीन तर जातीन," ते म्हणाले. "तुम्ही ते इंग्रजीतले 'द' कुठं कुठं टाकायचे, तेवढं बरोबर टाका. मालक शिकलेले आहेत."

लग्न घरीच झालं. काकूंनी नवी काचपट्टी लावू दिली, पण एका अटीवर, की पाहुण्यांना ती दिसता कामा नये. तिच्यावर त्यांनी देवीच्या चित्राचं कॅलेंडर टांगलं. सर रोज संध्याकाळी येत, कॅलेंडर एका कोपऱ्याने उचलून बघत आणि जात. लग्नाच्या दिवशीही सर आणि त्यांच्या पत्नी प्रमिलावहिनी आले तेव्हा मांडवात बसण्याआधी सर मागच्या खोलीत गेले. तिथे वराकडच्या बायका बसल्या होत्या. एक गृहस्थ आत येतात, कॅलेंडर उचलतात, भिंत बघतात आणि हात जोडून निघून जातात, याचा अर्थ त्यांना लागेना. एकीने काकूंना विचारलं, तर काकूंनी तोंडात साखर ठेवून सांगितलं, "आमच्याकडचे मोठे भाऊ आहेत. वास्तूले नमस्कार केल्याशिवाय अक्षता टाकत नाहीत."

पट्टी अखंड होती. सुषमा उंबरठ्याला वाकून नमस्कार करून निघाली, तेव्हा दार उघडंच होतं. ते अजूनही नीट लागत नव्हतं आणि त्या दिवशी लावायची गरजही नव्हती.

लग्नानंतर हातोडा सुरू झाला, सरांनी सांगितलं होतं तसा, घरांकडून रस्त्याकडे. खांब बसले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. यंत्र गेलं, पायलिंगचा ठेकेदार गेला, पाया पुरा झाल्याचे पेढे आमच्या ऑफिसातही आले. काकूंनी सरांना निरोप पाठवला की आता भेग भरून रंग लावून घेते.

सर स्वतः गेले. "आत्ता नका लिंपू, वहिनी."

"आता कशाचं भ्या? आवाज तर बंद झाला."

"आवाज बंद झाला म्हणूनच. चिखलातलं पाणी एवढे दिवस दाबून राहिलं होतं. आता ते हळूहळू निथळते अन् जमीन बसते. आत्ता भेग भरली तर परत फाटन."

काकूंनी विचार केला. "श्रीखंडाच्या चक्क्यासारखं. टांगून ठेवला की रात्रभर टपकत राहते अन् सकाळी गोळा लहान होते."

"तसंच. फक्त सकाळ लवकर होत नाही," सर म्हणाले.

तसंच झालं. दिवाळीच्या आसपास, सगळं शांत असताना, पट्टी तडकली. यावेळी काकूंनी ती काढली नाही. सरांना फोन केला. सरांनी नवी लावली. पुढे ती पण तडकली, मग आणखी एक. आता या कामाशी सरांचा काही संबंध उरला नव्हता, कुणी त्यांना त्याचे पैसे देत नव्हतं, तरी ते जात राहिले. मी विचारलं, "सर, अहवाल तर देऊन झाला." ते म्हणाले, "अहवाल झाला. जमिनीचं कुठं झालं?" शेवटी एक पट्टी टिकली. पावसाळा गेला, हिवाळा गेला, ती तशीच राहिली. तेव्हा सरांनी दाराची चौकट सरळ करून घ्यायला सांगितली आणि म्हणाले, "आता लिंपा." ते घर आजही उभं आहे. सुषमाची मुलं सुटीत तिथे येतात आणि ते दार आपटत फिरतात.

मालकांनी पुढचं काम आम्हाला दिलं नाही. त्यांच्या ओळखीच्या आणखी काहींनीही दिलं नाही. नवी राजधानी उभी राहत होती आणि आमच्या ऑफिसात दुपारभर पंख्याचा आवाज ऐकू यायचा. आम्हा कर्मचाऱ्यांचे पगार मात्र कधी थांबले नाहीत. ते कसे चालले होते, हे मला फार उशिरा, प्रमिलावहिनींच्या तोंडून कळलं. सर संध्याकाळी डिप्लोमाच्या मुलांना शिकवायला जात होते. या ग्रंथात लिहिणारे कितीतरी अभियंते त्या संध्याकाळच्या वर्गातले आहेत, हे त्यांनाही कदाचित आज पहिल्यांदा कळेल. त्यांच्यामुळेच पुढे कामं पुन्हा आली.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या घरची आहे. ती लिहावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

माझे यजमान अचानक गेले. तेव्हा घर माणसांनी भरून गेलं होतं. सर आणि प्रमिलावहिनी येत, मागच्या रांगेत बसत, काही न बोलता जात. सगळे मला सांगत होते, धीर धर, मुलांकडे बघ, सावर. मी सावरले. लोक कौतुक करायला लागले. यजमानांचे कपडे देऊन टाकले, त्यांची खुर्ची माळ्यावर टाकली, बैठकीच्या खोलीला नवा रंग लावून घेतला. ऑफिसला जायला लागले. हळूहळू फोन कमी झाले, येणारे कमी झाले, आणि ते स्वाभाविकच होतं, कारण मी बरी दिसत होते.

बऱ्याच महिन्यांनी, एका रविवारी, काही काम नसताना सर आणि वहिनी आले. वहिनींनी डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी आणली होती. सरांनी खोलीत एकदा नजर फिरवली.

"रंग लावला?"

"हो सर. म्हटलं, आता सावरायला पाहिजे."

सर भिंतीकडे बघत राहिले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "घाई केली, शैलाबाई."

एवढंच. मला सगळ्यांसमोर कधी रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. सरांनी समजूत घातली नाही, सगळं ठीक होईल असं म्हटलं नाही. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांना जमेल तसा चहा करून आणला. फार गोड झाला होता. निघताना दारात म्हणाले, "बघत राहू." त्यानंतर पुष्कळ रविवार ते दोघं येत राहिले. कधी अर्धा तास, कधी त्याहून कमी. माळ्यावरची खुर्ची खाली काढायला मला मदत केली तीही सरांनीच. ती आता खिडकीशी आहे, आणि सर आले की तिच्यावर बसतात.

त्यांच्या आईची मांडणी मला तेव्हा आठवली. गाडी गेल्यावर उठून, एकेका ताटावरून हात फिरवणारी बाई.

आता मीही निवृत्त आहे. सरांचे गुडघे कुरकुरतात, हातात काठी आली आहे. मागच्या वर्षी चौबे कॉलनीत माझ्या घरामागचा जुना बंगला पाडला आणि नाल्याकाठच्या त्या भरावावर उंच इमारतीचं काम निघालं. एका सकाळी दारात रिक्षा थांबली. सर उतरले, हातात तीच पिशवी. मी म्हटलं, "सर, तुम्ही कशाला? एखाद्या विद्यार्थ्याला पाठवलं असतं." ते म्हणाले, "विद्यार्थी पट्टी लावते अन् जाते. चहा कोण पिते?" त्यांचा हात थरथरत होता म्हणून पट्टी मी धरली, प्लास्टर त्यांनी लावलं, तारीखही त्यांनीच लिहिली. अक्षर थोडं वाकडं आलं आहे. मी वर कॅलेंडर टांगलं, तेव्हा सर हसले.

त्या दिवसापासून ते दर महिन्याला येतात, कॅलेंडर उचलतात, खुर्चीवर बसतात. कधी पाय फार दुखत असले तर फोन करून विचारतात, "काय म्हणते पट्टी?" पट्टी अखंड आहे, हे मला रोज दिसतं. पण मी फोनवर सांगत नाही. म्हणते, "मला त्यातलं नीट कळत नाही, सर, तुम्हीच येऊन बघा." हा ग्रंथ त्यांच्या हाती पडेल तेव्हा माझी लबाडी उघडी पडेल, पडू दे.

मागच्या महिन्यात शेजारचा हातोडा थांबला. कॉलनीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. सरांनी कॅलेंडर खाली सोडलं आणि म्हणाले, "आता खरं बघायचं."

सर, आपल्याला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, प्रमिलावहिनींची सोबत अशीच राहो, आणि आपल्या पिशवीतल्या काचा कधी संपू नयेत. माझ्यासाठी एकच मागते. या घराखालची जमीन बसायची असेल तेव्हा बसो, पण सावकाश बसो. तिला खूप, खूप वर्षं लागोत.